मार्कस गार्वी: वचनं सांगायची की आयुष्य?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 17 ऑगस्टला अभ्यासिकेत जमैकात जन्मलेले कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या जयंतीनिमित्त वीस मिनिटं बोलायचं आहे. प्रेरणादायी वचनं नेटवर ढिगानं मिळाली. पण चरित्र वाचायला घेतलं तर त्यात बुडीत गेलेली जहाज कंपनी, फसवणुकीचा खटला, तुरुंग आणि वर कू क्लक्स क्लॅन या काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेच्या पुढाऱ्याशी झालेली भेट. मग आयुष्य बाजूला ठेवून नुसती वचनंच सांगावीत का?

मी बरीच वर्षं महाविद्यालयात इतिहास शिकवला. अमेरिका आणि कॅरिबियनमधल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळी हा विषय अजूनही तरुणांच्या अभ्यासवर्गांत घेतो. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

तुम्ही वचनं आणि आयुष्य अशी दोन गाठोडी केली आहेत, खरी अडचण तिथं आहे. एक गाठोडं चकचकीत, दुसरं अडचणीचं. गार्वींच्या बाबतीत ही वाटणी टिकत नाही. हा माणूस आधी छापखान्यातला कामगार, मग संपादक, मग संघटक. त्यांचं जवळपास प्रत्येक गाजलेलं वाक्य समोरच्याला काहीतरी करायला लावण्यासाठी उच्चारलेलं आहे. वर्गणी भरा, शाखा काढा, शेअर घ्या, मी तुरुंगात असताना पांगू नका. ती मागणी वाक्यातून काढून टाकली की फळ्यावर लिहायचा सुविचार तेवढा उरतो, आणि सुविचार ऐकून श्रोते माना डोलावतात आणि घरी जातात.

श्रोते कोण आहेत यावर थोडं अवलंबून आहे, हे मान्य. समोर शाळेतली मुलं असतील तर खटल्याच्या तपशिलात शिरू नका, जहाजाची गोष्ट पुरे. स्पर्धा परीक्षांची मुलं असतील तर सनावळी अचूक ठेवा, नाहीतर पहिल्या बाकावरून दुरुस्ती येईल. चळवळीतले कार्यकर्ते असतील तर मात्र फसलेल्या भागावरच जास्त बोला, त्यांना तोच उपयोगी पडतो. अभ्यासिका म्हणजे बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारची माणसं, असं धरून पुढचं लिहितो.

माझी पद्धत साधी आहे. वचन हाताशी आलं की विचारायचं: हे कुठं बोलले, केव्हा, कुणापुढं, आणि त्या बदल्यात लोकांकडून काय मागितलं? ज्या वचनाला याचं उत्तर देता येत नाही ते भाषणात घ्यायचं नाही, कितीही देखणं असलं तरी. या चाळणीत तुमची निम्मी वचनं गळतील. 'इतिहास ठाऊक नसलेला समाज म्हणजे मुळं नसलेलं झाड' हे गार्वींच्या नावावर सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य. त्यांच्या छापील लेखनात आणि भाषणांत ते सापडत नाही. त्याच्या अगदी जवळचं वाक्य न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतले अभ्यासक चार्ल्स सायफर्ट यांच्या 1938 च्या पुस्तिकेत आहे. तसंच 'आफ्रिकेकडे पाहा, तिथं काळ्या राजाचा राज्याभिषेक होईल' हे भाकीत. जमैकातल्या रास्ताफारी या धार्मिक पंथाच्या श्रद्धेत गार्वींना प्रेषिताचं स्थान आहे आणि 1930 मध्ये हेले सेलासी इथिओपियाचे सम्राट झाले तेव्हा हे भाकीत खरं ठरलं असं ते मानतात. श्रद्धा म्हणून जरूर सांगा, अवतरण म्हणून नको. खुद्द गार्वींनी इटलीच्या आक्रमणानंतर 1937 मध्ये आपल्या मासिकात याच सम्राटावर कडक टीका केली होती, हे सोबत सांगितलंत तर श्रोते सावरून बसतील. खात्रीचा मजकूर हवा असेल तर त्यांच्या दुसऱ्या पत्नी ॲमी जॅक्स गार्वी यांनी 1923 आणि 1925 मध्ये दोन भागांत छापलेलं संकलन आणि इतिहासकार रॉबर्ट हिल यांनी संपादित केलेले कागदपत्रांचे खंड, यांपलीकडं जायची गरज नाही.

आता आयुष्य. बालपणावर पाच मिनिटं घालवू नका, पण तीन गोष्टी सोडू नका. जन्म 1887 चा, जमैकातल्या सेंट ॲन्स बे गावचा. वडील दगडकाम करणारे गवंडी, घरात पुस्तकं होती. अकरा भावंडांपैकी मोठेपणापर्यंत दोघंच जगली, मार्कस आणि बहीण इंडियाना. पहिली गोष्ट, चौदाव्या वर्षी ते छपाईचं काम शिकायला लागले. पुढं किंग्स्टनच्या छापखान्यात फोरमन झाले आणि 1908 च्या मुद्रण कामगारांच्या संपात फोरमन असूनही संपकऱ्यांबरोबर बाहेर पडले. नोकरी गेली. शब्द आणि शाई यांची किंमत त्यांना अशी खालून कळली होती. दुसरी गोष्ट तुमच्या कामाची आहे: किंग्स्टनमध्ये ते वक्तृत्व स्पर्धांत उतरत, आणि बोलायचं कसं हे शिकण्यासाठी वेगवेगळ्या चर्चमध्ये जाऊन पाद्र्यांची प्रवचनं ऐकत. तिसरी गोष्ट रंगाची उतरंड. जमैकात वर गोरे, मधे मिश्र वंशाचे 'रंगीत' आणि तळाशी काळे, अशी पायरी होती, आणि मधल्या पायरीवरचा माणूस खालच्याला जवळ करत नसे. आपल्याकडच्या श्रोत्याला हे समजावून सांगावं लागत नाही, एका वाक्यात कळतं. पुढं अमेरिकेत गार्वींनी उजळ वर्णाच्या कृष्णवर्णीय पुढाऱ्यांवर जी आगपाखड केली, तिचं मूळ इथं आहे. ती सगळीच न्याय्य होती असं मात्र नाही.

1910 च्या सुमाराला ते कोस्टारिकाला गेले. तिथं युनायटेड फ्रूट कंपनीच्या केळीच्या मळ्यांत मजुरांच्या वेळेची नोंद ठेवायचं काम मिळालं. जमैकातून आलेल्या मजुरांचे हाल त्यांनी तिथं आणि पनामात पाहिले. मग 1912 ते 1914 लंडन. पत्रकार दूसे महंमद अली यांच्या नियतकालिकात काम, संग्रहालयांत वाचन, आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांचं आत्मचरित्र. त्या काळाबद्दल त्यांनी पुढं 1923 मध्ये एका लेखात जे लिहिलं, ते तुमच्या भाषणातलं पहिलं वचन असू द्या. काळ्या माणसाचं सरकार कुठं आहे, असं मी विचारलं. त्याचा राजा कुठं, त्याचं राज्य कुठं? त्याचा अध्यक्ष, त्याचा देश, त्याचे राजदूत, त्याचं सैन्य, त्याचं आरमार, मोठे व्यवहार सांभाळणारी त्याची माणसं कुठं आहेत? मला ती सापडली नाहीत, तेव्हा मी ठरवलं, ती घडवायला मी मदत करीन.

ही यादी नीट पाहा. पुढच्या दहा वर्षांत गार्वींनी जे जे केलं आणि ज्याची लोकांनी टिंगल केली, ते सगळं यात आहे. पिसांची टोपी, गणवेशातली मिरवणूक, 'आफ्रिकेचे हंगामी अध्यक्ष' ही पदवी, लाल-काळा-हिरवा ध्वज, जहाजं. हे वेड नव्हतं, यादीप्रमाणे चाललेलं काम होतं. देश नसलेल्या माणसांना त्यांनी देशाच्या सगळ्या खुणा आधी दिल्या. हा क्रम उलटा होता की नाही यावर वाद घाला, पण त्यामागं विचार नव्हता असं कुणी म्हणू नये.

1914 मध्ये जमैकाला परतून त्यांनी ॲमी ॲशवुड यांच्यासोबत युनिव्हर्सल निग्रो इम्प्रूव्हमेंट असोसिएशन ही संघटना काढली. बुकर टी. वॉशिंग्टन यांना भेटायचं होतं, पण ते 1915 मध्ये वारले. 1916 च्या मार्चमध्ये गार्वी न्यूयॉर्कला पोचले. हार्लेममधलं त्यांचं पहिलं जाहीर भाषण 9 मे 1916 ला सेंट मार्क्स हॉलमध्ये झालं आणि ते साफ पडलं. बोलता बोलता ते व्यासपीठावरून खालीही पडले, असं सांगतात.

इथं एक गोष्ट सांगून टाकतो, कारण तुमच्या श्रोत्यांपैकी कुणाच्या तरी मनात ती येणारच. त्याच 9 मे 1916 ला, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकरांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. कोलंबिया आणि हार्लेम एकमेकांना लागून आहेत. योगायोग विलक्षण आहे, सांगा, पण त्यावर भेटीची कथा रचू नका. काही भाषणांत ती रचली जाते. बाबासाहेब त्याच उन्हाळ्यात लंडनला गेले आणि तेव्हा गार्वींना हार्लेममध्ये फारसं कुणी ओळखतही नव्हतं. नाव व्हायला आणखी एक वर्ष लागलं. आणि दुसरा घोळ: 1972 च्या दलित पँथरचं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं, ती संघटना 1966 ची. गार्वी त्याआधी दोन पिढ्या. हे अंतर पुसून सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

1917 च्या जुलैमध्ये ईस्ट सेंट लुई इथं काळ्यांची कत्तल झाली. गार्वींनी त्यावर हार्लेममध्ये तिखट भाषण केलं आणि लोक थांबून ऐकायला लागले. 1918 मध्ये संघटनेचं 'निग्रो वर्ल्ड' हे साप्ताहिक निघालं. 1920 च्या ऑगस्टमधल्या अधिवेशनात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सुमारे 25,000 माणसं जमली. त्याच अधिवेशनात हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. सभासद किती, हा आकडा सांगायच्या भानगडीत पडू नका, गार्वी स्वतः लाखांचे आकडे फेकत आणि ते कधीच सिद्ध झाले नाहीत. शाखांचा हिशेब जास्त पक्का आहे: 1920 च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत 700 हून अधिक आणि बाहेर 250 हून अधिक. सर्वाधिक शाखा न्यूयॉर्कमध्ये नव्हत्या, लुइझियानात होत्या, म्हणजे लिंचिंगच्या, जमावानं काळ्यांना ठार मारण्याच्या, दहशतीतल्या दक्षिणेतल्या शेतमजुरांच्या वस्त्यांत. हे सांगितल्याशिवाय गार्वी म्हणजे हार्लेमचा तमाशा, हा समज जात नाही.

आणि शाखा चालायची कशी, हे सांगा. मला हा भाग भाषणांपेक्षा जास्त आवडतो. महिन्याची वर्गणी 35 सेंट. त्यातले 25 शाखेकडं राहत, 10 मध्यवर्ती संघटनेकडं जात. सभासद वारला तर अंत्यविधीसाठी 75 डॉलर मिळत. ज्या मोलकरणीला, हमालाला, ऊसतोड मजुराला कुठलीच विमा कंपनी उभं करत नव्हती, त्याला संघटनेनं मयतीच्या खर्चाची हमी दिली होती. ब्लॅक क्रॉस नर्सेस हे बायकांचं पथक होतं. हार्लेममध्ये धुलाईचं दुकान, खाणावळी, किराणा दुकानं चालवली. लिबर्टी हॉल या संघटनेच्या सभागृहातली भाषणं या पायावर उभी होती. 'ऊठ, हे बलाढ्य वंशा, तू ठरवशील ते साध्य करशील' ही गार्वींची हाक प्रसिद्ध आहे. ती ऐकणाऱ्याच्या खिशात त्या महिन्याची वर्गणी भरल्याची नोंद असायची. म्हणून ती हाक पोकळ वाटत नसे.

साप्ताहिकाची एक आठवण पुढं केन्याचे राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा यांनी लेखक सी. एल. आर. जेम्स यांना सांगितली होती, ती जरूर घ्या. 1921 मध्ये केन्यात वाचता न येणारे लोक 'निग्रो वर्ल्ड' वाचणाऱ्याभोवती गोळा व्हायचे. लेख दोन-तीनदा ऐकायचे, पाठ करायचे, आणि मग रानातून वेगवेगळ्या वाटांनी जाऊन इतरांना म्हणून दाखवायचे. ब्रिटिश आणि फ्रेंच वसाहतींनी या पत्रावर बंदी का घातली, ते यावरून कळतं. गार्वींनी मात्र आफ्रिकेच्या भूमीवर आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही.

'सगळ्यांनी आफ्रिकेला परत चला' असं ते म्हणत, हाही अर्धवट समज आहे. आफ्रिका आफ्रिकनांची, ही घोषणा त्यांची खरीच. पण सगळ्यांना तिकडं न्यायचं नाही, काहीजण इथं बिनकामाचे आहेत ते तिथंही बिनकामाचेच राहतील, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. हे वाक्य सांगितलंत की हशा येईल, आणि माणूस पुतळ्यातून बाहेर येईल. लायबेरियात वसाहत उभारायची योजना मात्र गंभीर होती. ती लायबेरियाच्या सरकारनंच 1924 मध्ये मोडली, आणि 1926 मध्ये त्याच सरकारनं फायरस्टोन कंपनीला रबराच्या मळ्यांसाठी दहा लाख एकर जमीन 99 वर्षांच्या करारानं दिली.

आता जहाजं. तुमच्या भाषणाचा मधला भाग हाच असू द्या. 1919 च्या जूनमध्ये ब्लॅक स्टार लाइन ही कंपनी नोंदवली. शेअर पाच डॉलरचा, एकाला 200 हून जास्त मिळणार नाहीत, आणि घेणारा कृष्णवर्णीयच हवा. म्हणजे एखाद्या बड्या भांडवलदाराला कंपनी घशात घालता येऊ नये, अशी तजवीज कागदावर चोख होती. जहाज का? कारण अमेरिका, कॅरिबियन आणि आफ्रिका यांच्यातला सगळा माल गोऱ्यांच्या जहाजांतून जायचा, भाडं तेच ठरवायचे, आणि काळ्या उतारूला कुठं बसवायचं तेही तेच ठरवायचे. विचार पक्का होता, व्यवहार कच्चा. पहिलं जहाज 'यार्मथ', बांधणी 1887 ची, म्हणजे गार्वींच्याच वयाचं. युद्धात झिजलेल्या या जहाजाला 1,65,000 डॉलर मोजले. खरेदीत मध्यस्थी करणाऱ्या कंपनीच्या कप्तानानं विकणाऱ्याकडून गुपचूप दलाली घेतली. 1920 च्या जानेवारीत अमेरिकेत दारूबंदी लागू होण्याच्या तोंडावर व्हिस्कीचा माल क्यूबाला पोचवायचं काम घेतलं, तेही तोट्याच्या दरात. जहाज घाईनं निघालं, कलंडलं, थोडा माल समुद्रात फेकावा लागला, थोडा खलाशांनी पोटात फेकला. शेवटी दुरुस्त होऊन ते हवानाला पोचलं तेव्हा धक्क्यावर लोकांनी फुलं उधळली. काळ्या कप्तानाचं, काळ्यांच्या मालकीचं जहाज त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. मिरवणुका झाल्या, आणि इकडं जहाज खोळंबल्याचा खर्च चढत राहिला. 1921 च्या शेवटी 'यार्मथ' लिलावात गेलं, 1,625 डॉलरला.

हा आकडा सांगून थोडं थांबा. आणखी दोन जहाजांची कथा फार वेगळी नाही, ती सांगत बसू नका. हजारो लोकांचे पाच-पाच डॉलर गेले आणि ते गरिबांचे होते. गार्वींना धंदा येत नव्हता, त्यांनी माणसं चुकीची निवडली, आणि लोकांचा विश्वास हेच भांडवल समजून ते खर्च करत राहिले. विश्वास मिळवणं आणि हिशेब ठेवणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. कार्यकर्त्यांपुढं बोलताना मी यावर सर्वांत जास्त वेळ देतो, कारण पतपेढ्या, सोसायट्या, ट्रस्ट काढणारी आपलीच मुलं असतात.

मग ते फसवे होते का? खटला पाहून ठरवा. न्याय खात्यातले जे. एडगर हूवर यांनी 1919 मध्येच लिहून ठेवलं होतं की याला परदेशी म्हणून हाकलण्याजोगा कुठलाही संघराज्याचा कायदा यानं दुर्दैवानं अजून मोडलेला नाही. म्हणजे माणूस आधी ठरला, गुन्हा नंतर शोधला. संघटनेत हेर घुसवले. अखेर टपालाद्वारे फसवणूक या कलमाखाली पकडलं. कंपनीनं एका जहाजाचं चित्र माहितीपत्रकात छापलं होतं, त्यावर 'फिलिस व्हीटली' हे नाव घातलेलं. ते जहाज अजून कंपनीचं झालंच नव्हतं. हा दोष खरा आहे, झाकू नका. पण शिक्षेचा आधार काय? पेनसिल्व्हेनिया स्टेशनवर काम करणाऱ्या एका भागधारकाला आलेला कंपनीचा शिक्का असलेला लिफाफा. लिफाफा रिकामा होता. आत काय आलं होतं, ते त्या साक्षीदाराला नीट आठवत नव्हतं. चौघांवर खटला होता, तिघं सुटले, एकट्या गार्वींना 1923 मध्ये पाच वर्षं झाली. त्यात त्यांनी वकिलाला काढून टाकलं आणि स्वतःच उलटतपासणी घेत बसले. व्यासपीठावर जे चालायचं ते ज्युरीपुढं चाललं नाही.

क्लॅनचं प्रकरण टाळू नका. 1922 च्या जूनमध्ये अटलांटात ते क्लॅनचा हंगामी प्रमुख एडवर्ड क्लार्क याला भेटले. त्यांचा युक्तिवाद असा की अमेरिका गोऱ्यांचीच राहणार हे क्लॅन उघड बोलतं, बाकीचे मनात ठेवतात, मग उघड शत्रूशी बोललेलं बरं. तर्क म्हणून तो ऐकता येतो. पण लुइझियानातल्या ज्या शेतमजुरानं जीव मुठीत धरून शाखा काढली, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल? मला ही त्यांची सर्वांत मोठी राजकीय घोडचूक वाटते, खटल्यापेक्षा मोठी. त्यानंतर 'गार्वी हटाव' मोहीम पेटली, आठ कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी सरकारला त्यांच्याविरुद्ध पत्र लिहिलं, आणि कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांनी 1924 मध्ये त्यांना 'एकतर वेडा नाहीतर फितूर' म्हटलं. गार्वींनीही डु बॉइस यांच्या मिश्र रक्तावर घसरायला कमी केलं नाही. शिक्षेनंतर ज्यूंविषयी काढलेले त्यांचे उद्गारही वाचवत नाहीत.

इथवर तुमच्याकडं भाषणाचा कणा तयार होतो: यादी, वर्गणी, जहाज, लिफाफा. आता उरलेली दोन वचनं त्यावर बसवा.

पहिलं 1925 च्या फेब्रुवारीतलं. अपील फेटाळलं गेलं आणि गार्वींना अटलांटाच्या तुरुंगात नेलं. तिथून त्यांनी अनुयायांना संदेश पाठवला: मला वावटळीत शोधा, वादळात शोधा, माझा शोध तुमच्या चहूबाजूंना घ्या, कारण देवाच्या कृपेनं मी येईन आणि अमेरिकेत, वेस्ट इंडिजमध्ये मेलेल्या अगणित काळ्या गुलामांना आणि आफ्रिकेतल्या लाखोंना तुमच्या मदतीला घेऊन येईन. हे एरवी ऐकलं तर कवितेसारखं वाटतं. पण ऐकणारे कोण होते? ज्यांचे पाच डॉलर बुडाले होते तेच. त्यांच्याकडून मागणी एकच, संघटना मोडू देऊ नका. आणि बरेच जण खरंच हटले नाहीत, सुटकेसाठी अर्जांवर सह्या करत राहिले. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी 1927 च्या नोव्हेंबरमध्ये शिक्षा कमी केली आणि डिसेंबरच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सहून त्यांची जमैकाला रवानगी झाली. ज्या राज्यात त्यांच्या सर्वाधिक शाखा होत्या, त्याच राज्याच्या धक्क्यावरून.

दुसरं वचन सगळ्यांना बॉब मार्ली यांच्या 1980 च्या गाण्यातून ठाऊक आहे: मानसिक गुलामीतून स्वतःला मुक्त करा. मूळ शब्द गार्वींचे, 1937 च्या ऑक्टोबरमधल्या भाषणातले, आणि जागा कुठली? कॅनडात, नोव्हा स्कॉशियातलं सिडनी, मेनेलिक हॉल. पोलाद आणि कोळशाचं गाव, कॅरिबियनमधून आलेले कामगार. तेव्हा गार्वी पन्नाशीला पोचले होते, लंडनमध्ये राहत होते, अमेरिकेत पाऊल ठेवायला बंदी, साप्ताहिक बंद पडलेलं, संघटना फुटलेली. जमैकात काढलेला राजकीय पक्षही 1930 च्या निवडणुकीत आपटला होता. अशा वेळी त्या छोट्या सभागृहात ते म्हणाले की आपण मानसिक गुलामीतून स्वतःला सोडवणार आहोत, कारण शरीर दुसरा कुणी मुक्त करील, मन मात्र आपल्याशिवाय कुणी मुक्त करू शकत नाही. पुढचं वाक्य गाण्यात नाही, तुम्ही ते सांगा: ज्याला आपलं मन घडवता आणि वापरता येत नाही, तो मन वापरणाऱ्या दुसऱ्या माणसाचा गुलाम होणारच. 1919 मध्ये जहाज मागणारा माणूस 1937 मध्ये वाचन आणि विचार मागतो आहे. माझ्या मते हे माघार घेणं नव्हे. जहाज कंपनी का बुडाली याचा त्यांनी काढलेला अर्थ या वाक्यात आहे. दुसरा अर्थ कुणी लावला तर मी भांडणार नाही.

शेवट लांबवू नका. 1940 च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका आला, मे महिन्यात वर्तमानपत्रांनी चुकून मृत्यूची बातमी छापली, स्वतःवरचे मृत्युलेख त्यांनी अंथरुणात पाहिले, आणि 10 जूनला लंडनमध्ये ते खरोखर गेले. 1964 मध्ये जमैकानं त्यांचं पार्थिव आणून त्यांना पहिला राष्ट्रीय वीर जाहीर केलं. घानाच्या ध्वजावरचा काळा तारा त्यांच्या जहाज कंपनीवरून आला. कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स यांचे आईवडील गार्वींच्या संघटनेचे कार्यकर्ते होते. 19 जानेवारी 2025 ला अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. एवढं दीड मिनिटात बसतं.

वेळेचं म्हणाल तर बालपण ते लंडन तीन मिनिटं, हार्लेम आणि शाखा चार, जहाज आणि खटला पाच, क्लॅन दोन, दोन वचनं आणि शेवट मिळून चार. उरलेली दोन मिनिटं हातची ठेवा, बोलताना ती लागतातच. वचनं पाठ करा, कागदावरून वाचू नका. सनावळी मात्र कागदावरच असू द्या. आणि प्रश्नोत्तरांत क्लॅनच्या भेटीवर कुणी विचारलं नाही तर अध्यक्षांनी तो प्रश्न विचारावा, असं त्यांना आधीच सांगून ठेवा.